आराखड्यातला फुटपाथ

मीटिंगचा मला जितका कंटाळा आहे तितका कपड्यांच्या घड्या घालण्याचाही नाही. नोकरीतल्या मीटिंगा निदान पगारी असतात. गावाच्या मीटिंगा म्हणजे निव्वळ लष्कराच्या भाकऱ्या. त्या मी पाच वर्षं भाजल्या. महिन्यातून एका मंगळवारी, संध्याकाळी, घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसून, थर्मासमधली कडू कॉफी पीत. दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहून पाय बोलायला लागलेले असायचे आणि समोर कोणीतरी भिंतीवर नकाशा लावून ‘आपल्या गावाचं वीस वर्षांनंतरचं रूप’ समजावून सांगत असायचं. मला वीस मिनिटांनंतर जेवायला काय आहे याची काळजी असायची.

गाव म्हणजे मिशिगनमधलं, ॲन आर्बरपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. इथे व्हिलेज ही रीतसर हद्द असते, तिला स्वतःची निवडून दिलेली मंडळी असतात, ग्रामपंचायतच म्हणा ना. एक मेन स्ट्रीट. तिच्यावर पोस्ट, लायब्ररी, हार्डवेअरचं दुकान, अंडी-पॅनकेकचं एक हॉटेल आणि टोकाला चर्च. आम्ही राहायचो ती सबडिव्हिजन या मेन स्ट्रीटपासून मैलभर बाहेर, पूर्वीच्या मक्याच्या शेतात उठवलेली. चाळीसेक घरं. त्यातली निम्मी आपल्या लोकांची: जुने आम्ही दोन-तीन, बाकी सगळी पुण्या-नागपूरकडची तरुण आयटीतली मंडळी. गावातले लोक आम्हाला वाईट वागवायचे नाहीत. हसून हात करायचे. पण ते ‘गाव’ म्हणाले की त्यात आमचा मैल धरलेला नसायचा, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तो धरत नव्हतो. आपण बरं, आपलं काम बरं.

मी त्यात पडले ती आईमुळे.

वडील गेल्यावर, दोन हजार दोनमध्ये, आई माझ्याकडे कायमची म्हणून आली. मी एकुलती एक, त्यामुळे पर्याय नव्हता. तिची सगळी हयात मिरजेत गेली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. शाळेत चालत, भाजीला चालत, बँकेत चालत, भांडायला जायचं तरी चालत. रिक्षा ही तिच्या मते आजारी माणसांची सोय होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने साडीवर माझा जुना कोट चढवला, पायात बूट घातले आणि विचारलं, “लायब्ररी कुठल्या बाजूला?”

मी सांगितलं की मैलभर आहे. ती म्हणाली, मैल म्हणजे काय अंतर आहे का?

अंतर नव्हतंच. प्रश्न रस्त्याचा होता. आमच्या सबडिव्हिजनच्या आत गुळगुळीत फुटपाथ होता, गोल गोल फिरून आपल्याच दारात आणून सोडणारा. पण फाटकाबाहेर पडलं की काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्ता. दोन्ही बाजूंना चर, चरात गवत आणि पावसाळी पाणी. रस्त्याची कड हातभरसुद्धा नाही. पिकअप ट्रक तासाला पन्नास-पंचावन्न मैलांच्या वेगाने जायचे. हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी रस्ता साफ करायची आणि तो सगळा बर्फ कडेला रचून ठेवायची, म्हणजे पाय ठेवायला जी काय जागा होती तीही गेली.

तुम्ही म्हणाल, मग गाडीने सोडायचं. सोडत होते की मी, घरी असेन तेव्हा. पण मी सकाळी लवकर जायची ती संध्याकाळी यायची. नवरा तेव्हा घरून काम करायला लागला होता आणि तो मनापासून म्हणायचा, “आई, चला, सोडतो तुम्हाला.” आई लगेच म्हणायची, “छे छे, माझं काही काम नाहीये.” आणि तो पुन्हा कॉलवर गेला की मागच्या दाराने बाहेर पडून चरातून चालायला लागायची. जावयाला ड्रायव्हर करायचं, हे तिच्या रक्तात बसत नव्हतं. आधीच लेकीच्या घरी राहायचं, त्याच्या मिठाचं खायचं, आणि वर ‘मला अमुक ठिकाणी न्या’ म्हणायचं? तिने मला एकदा स्पष्ट सांगितलं, “हे बघ. माझं माझं जाता-येता येत असेल तर मी राहीन. नाहीतर मिरजेतलं घर अजून आहे. उगाच सामानासारखी उचलून ठेवायला मला कोणी नको.”

ती हे धमकी म्हणून म्हणत नव्हती. आईने आयुष्यात धमकी दिली नाही, ती फक्त आधी सूचना द्यायची. मिरजेतल्या त्या घरात तिला एकटीला, पडली झडली तर बघायला कोणी नाही अशी, ठेवायला मी तयार नव्हते. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पोस्टात पाटी दिसली, की गाव स्वतःचा आराखडा करतंय, पुढे काय बांधायचं, कुठे बांधायचं, रस्ते कसे असावेत हे बाहेरच्या बिल्डरने ठरवायच्या आत आपणच ठरवू, आणि समितीत माणसं हवी आहेत, तेव्हा मी नाव दिलं. गाव करी ते राव न करी, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते बऱ्यापैकी खरं मानत होते.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मास्तर होते, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलेले. सज्जन माणूस. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, आणि ऐकून घेणं हाच त्यांचा दोष होता, कारण त्या गावात प्रत्येकाला बोलायचं असायचं. पहिलं वर्षभर आम्ही नुसतं ‘गावपण म्हणजे काय’ यावर बोललो. एका बाईंच्या मते गावपण म्हणजे मेन स्ट्रीटवरचे जुने दिवे. एकाच्या मते मोकळी शेतं. एकाच्या मते गावात दुसरा सिग्नल न येणं. मी सांगितलं की माझ्या मते गाव म्हणजे जिथे पायी जाता येतं ते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मास्तरांनी ते पाटीवर लिहून घेतलं. मला वाटलं, अर्धं काम झालं. इथे पाटीवर सगळंच लिहून घेतात हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या वर्षी वसंतात शाळेच्या जिममध्ये मोठा कार्यक्रम झाला. गावाचा भला थोरला नकाशा टेबलांवर पसरलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला रंगीत टिकल्यांची पट्टी. जिथे काही हवं असेल तिथे टिकली लावायची: हिरवी बागेला, निळी रस्त्याला, असं. शनिवार दुपार होती, पोरांना खेळायला होतं, कुकीज होत्या, त्यामुळे आमची सबडिव्हिजन झाडून आली. आईसुद्धा आली. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली, भूगोलाच्या बाईंच्या नजरेने नकाशा तपासला, उत्तर दिशेचा बाण आहे का बघितलं, आणि आमच्या फाटकापासून मेन स्ट्रीटपर्यंत आपल्या सगळ्या निळ्या टिकल्या एका ओळीत लावून टाकल्या. तिचं बघून बाकीच्यांनी लावल्या. संध्याकाळी तो मैल निळा दिसत होता. मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “तुमच्या लोकांनी फुटपाथ मागितला आहे, यात आता शंकाच नाही.” घरी येताना आई गाडीत खुशीत होती. मागच्या सीटवरून म्हणाली, “मिरजेत जंक्शनपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला आम्ही असाच फुटपाथ मागितला होता. तेव्हा मोर्चा काढावा लागला. इथे टिकल्यांत भागतं.”

कुठलं भागतंय.

तो मैल सगळा गावाचा नव्हता, हे मला समितीत बसूनही नीट कळायला वेळ लागला. आमच्या फाटकानंतर एक मोकळं शेत होतं, मग आणखी एक, आणि गावाच्या बाजूला शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर. त्याच्या घरापुढे रस्त्याला लागून मेपलची ओळ होती, त्याच्या आजोबांनी लावलेली. फुटपाथ म्हणजे त्यातली बरीच झाडं जाणार. शिवाय इथला कायदा असा की फुटपाथ झाला की त्यावरचा बर्फ ज्याच्या घरासमोर त्याने काढायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पहाटे फावडं घेऊन दुसऱ्यांच्या चालण्यासाठी बर्फ उपसायचा. त्याची बाजू अगदीच चुकीची होती असं मी तेव्हाही म्हणू शकले नाही. पण मला माझी आई होती.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात आराखड्यातल्या रस्त्यांच्या प्रकरणावर जाहीर सुनावणी ठरली. गावातल्या कोणीही यावं, तीन मिनिटं बोलावं, ते ऐकून आमच्या समितीच्या वरचं, गावाचं नियोजन मंडळ ठरवणार. मी आधीच्या रविवारी आपल्या सगळ्यांना घरी बोलावलं. मिसळ केली. ही मंडळी मिसळीला नाही म्हणत नाहीत. पोटं भरल्यावर मी विषय काढला: मंगळवारी सगळ्यांनी यायचं आहे. प्रत्येकाने उठून दोन वाक्यं बोलायची. आम्ही इथे राहतो, आम्हाला फुटपाथ हवा. बास.

मग शेजारचा नागपूरचा मुलगा, मुलगा म्हणजे दोन लेकरांचा बाप, पण मला काकू म्हणतो म्हणून मुलगा, तो म्हणाला, “काकू, पण आम्ही तर एच-वन व्हिसावर आहोत. सिटिझन नाही. आम्ही बोललेलं अलाउड आहे का?”

“राहतोस ना इथे? टॅक्स भरतोस ना? मग आहे.”

“ते आहे. पण उगाच रेकॉर्डवर नाव कशाला?”

त्याची बायको म्हणाली, “आणि मंगळवारी मराठी मंडळाच्या गणपतीच्या नाटकाची रिहर्सल आहे. हॉल बुक केलाय, कॅन्सल केला तर परत मिळत नाही.”

मग कोणीतरी तो मुद्दा काढला, जो सगळ्यांना एकदम पटला. सगळ्यांनी जाऊन तेच तेच बोलायचं, हे बरं दिसतं का? चाळीस जणांनी उठून एकच वाक्य म्हणायचं! त्या लोकांचा वेळ जातो, आपलं हसं होतं. त्यापेक्षा आपल्या वतीने एकाने मुद्देसूद बोलावं. आणि काकू समितीवरच आहेत. त्यांचं इंग्लिश छान आहे. “काकू, तुम्ही आहात ना, मग आम्ही येऊन काय वेगळं करणार?”

मी म्हणाले की इथे डोकी मोजतात. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, कारण आतून मलाही ते पटत होतं. आपण सगळे त्यातच वाढलो. वर्गाच्या वतीने मॉनिटर बोलतो, सोसायटीच्या वतीने सेक्रेटरी बोलतो, मुलीच्या वतीने मामा बोलतो. बाकीचे मागे उभे राहतात आणि त्यांचं उभं राहणं गृहीत धरलं जातं. वीस घरांनी एकीला पुढे करणं याला आपण एकजूट म्हणतो. टाळ्या वाजल्या, ठराव एकमताने पास झाला, आणि नागपूरचा मुलगा तिसऱ्यांदा तर्री घ्यायला उठला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मी येते. मी बोलते.” मी म्हटलं, “आई, सगळं इंग्लिशमध्ये आहे, माइक असतो, तू कशाला दगदग करतेस? मी आहे ना.” तिने पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी मी लॅबमधून थेट गेले. हॉल भरलेला होता. इतका भरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला क्षणभर वाटलं, आपले लोक आले की काय. नव्हते. मेन स्ट्रीटवरचे होते, चर्चमधले होते, शेतकऱ्याचे भाऊबंद होते. टेबलावर बोलणाऱ्याचा वेळ दाखवणारा एक छोटा दिवा, हिरवा-पिवळा-लाल होणारा. मला लवकर बोलावलं गेलं. मी माझी तीन मिनिटं नीट वापरली. चाळीस घरं, लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मी आमच्या सगळ्या सबडिव्हिजनच्या वतीने बोलते आहे.”

मंडळाच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत, अगदी मायेने म्हणाल्या, “मॅडम, इथे प्रत्येकाला फक्त स्वतःच्या वतीने बोलता येतं. तुमचं मत आम्ही नोंदवलं.”

एक मत. मी खाली बसले.

त्यानंतर ते उठत गेले. एकामागून एक. आणि चक्क तेच तेच बोलत गेले. कोणालाही त्याची लाज वाटत नव्हती. आम्ही फुटपाथ नको म्हणून तर गावाबाहेर राहतो. बर्फ कोणी काढायचा? झाडांचं काय? एकाने तर “माझ्या आधीच्या गृहस्थांनी सांगितलं तेच” एवढं म्हणून आपली तीन मिनिटं परत केली. ते सुद्धा मोजलं गेलं. मला संताप येत होता, आणि तो त्यांचा नव्हता. आत्ता या क्षणी तिकडे हॉलवर आमची मंडळी कमरेवर हात ठेवून संवाद म्हणत असतील, या विचाराने येत होता. एकटीने खिंड लढवण्यात इतिहासात कौतुक असतं. व्हिलेज हॉलमध्ये नुसतं एकटं दिसतं.

शेवटी तो म्हातारा शेतकरी बोलला. टोपी हातात घेऊन. तो म्हणाला, “त्या रस्त्याने एक वयस्कर बाई चालतात. लांब रंगीत कापड नेसतात, वर कोट. मी रोज बघतो. धुक्यात माझ्या ट्रकखाली येतील अशी मला भीती वाटते. मी वेग कमी करतो. पण मला हे कळत नाही, की त्यांच्या घरात त्यांना गाडीने सोडणारं कोणीच नाही का?”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. काही जणांनी दुःखाने मान हलवली. मला उठून ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, आहे! जावई आहे, गाड्या दोन आहेत, तिला कोणाची उपकाराची गाडीच नको आहे, तेवढ्यासाठी तर हे सगळं चाललंय! पण माझा दिवा लाल होऊन गेला होता. माणूस एकदाच बोलू शकतो. आणि ज्या घरातलं कोणी आलंच नाही ते घर गप्प समजतात.

घरी आले तेव्हा आई जागी होती. काय झालं विचारलं. मी म्हटलं, बघू म्हणालेत. “कोण कोण आलं होतं?” मी म्हटलं, मी होते. तिने ताट वाढलं. आपली माणसं म्हणजे कशी पालथ्या घड्यासारखी, यावर मी बराच वेळ बोलले आणि ती ऐकत राहिली.

मंडळाने फुटपाथ काढून टाकला नाही. तेवढे वाईट ते नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला: फुटपाथ ठेवायचा, पण जेव्हा ज्या जमिनीवर बांधकाम होईल तेव्हा त्या जमिनीपुढचा तुकडा त्या बिल्डरने बांधायचा. शेतकऱ्याची झाडं वाचली, गावाचा खर्च वाचला, आमचंही मन राखलं गेलं. मास्तरांनी मला फोन करून अभिनंदन केलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मीही आभार मानले. आईला मी हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे ज्यांचं जेव्हा होईल तेव्हा.” मी म्हटलं, तसंच काहीसं.

पुढच्याच वर्षी खरंच एक बिल्डर आला. आमच्या लगतचं नाही, त्याच्या पलीकडचं शेत त्याने घेतलं. जमीन सपाट केली, एक शोभेचं दगडी प्रवेशद्वार उभारलं, नमुन्याची दोन घरं बांधली, आणि मंडळाने बजावलं होतं म्हणून सगळ्यात आधी रस्त्याकडेचा फुटपाथ केला. पांढरा शुभ्र, रुंद, कोपऱ्यांवर व्हीलचेअरसाठी उतार दिलेला. मला इतका आनंद झाला की मी लॅबमध्ये सांगत सुटले. आमच्या लगतचं शेत पुढच्या वर्षी जाणार अशी बातमी होती. आई रोज संध्याकाळी विचारायची, “घेतलं का त्या शेताला कोणी?” जसं काही स्थळ बघत होती.

मग घरांचा बाजार बसला. डेट्रॉइटकडे तर आधीच बसायला लागला होता, आता सगळीकडे. बिल्डर एक दिवस यंत्रं घेऊन गेला तो गेला. नमुन्याच्या घरांच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. आमच्या सबडिव्हिजनमध्येही दोन-तीन अंगणांत ‘विकणे आहे’च्या पाट्या लागल्या. नागपूरच्या मुलाला टेक्सासमध्ये, अर्विंगला काम मिळालं. जाताना तो नमस्कार करायला आला आणि म्हणाला, “काकू, त्या फुटपाथचं काय झालं हो शेवटी?” मी त्याला चहा दिला. रागवायलाही ताकद लागते.

आई तोवर चालतच होती. हिवाळ्यात तिला बाहेर पडू देत नव्हतो, तेव्हा बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलाभोवती फेऱ्या. एका हिवाळ्यात मात्र ती आमची नजर चुकवून बाहेर पडली आणि चरापाशी घसरली. फार लागलं नाही, मनगट मुरगळलं. पण त्यानंतर नवऱ्याने प्रथमच आवाज चढवून सांगितलं, “आई, तुम्ही असं एकटं जायचं नाही. मला हाक मारायची.” त्याने प्रेमाने सांगितलं, आणि तिने निमूट ऐकलं. त्या दिवसापासून तिने लायब्ररीत जाणं सोडलं. हाक काही मारली नाही.

दोन हजार आठच्या शरदात आराखडा अखेर मंजूर झाला. व्हिलेज हॉलमध्ये केक कापला. केकवर क्रीमने गावाचा नकाशा काढला होता. छापील प्रत सगळ्यांना दिली, गुळगुळीत कागद, मागे समितीची नावं, त्यात माझंही. मी ती घरी आणून टेबलावर ठेवली. आईने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, “चल, तुझा फुटपाथ बघू.”

मी तिला गाडीने घेऊन गेले. दुसरा उपायच नव्हता, आमच्या फाटकापासून तिथपर्यंत अजून चरच होता. दगडी प्रवेशद्वारापाशी गाडी थांबवली. आई उतरली, पदर खोचला, आणि चालायला लागली. फुटपाथ दोन्हीकडून गवतात सुरू होऊन गवतातच संपत होता. तिला टोक गाठायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता वळेल. ती वळली नाही. शेवटच्या फरशीवरून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेने, मेपलांखालून, गावाच्या दिशेने निघाली.

“आई!” मी काच खाली करून ओरडले. “गाडीत बस!”

तिने हात वर केला, म्हणजे ऐकू आलंय, पण नाही. मी मग काय करणार? गाडीचे चारही दिवे लुकलुकते केले आणि तिच्यामागून चालीच्या वेगाने निघाले. मागे एक पिकअप येऊन अडकला. हॉर्न वाजेल म्हणून मी खांदे आवळून बसले. वाजला नाही. आरशात बघितलं तर तो शेतकरी. त्यानेही आपले दिवे लावले. अशी आमची वरात लायब्ररीपर्यंत गेली: पुढे आई, मागे मी, मागे तो. लायब्ररीशी त्याने टोपीला हात लावला आणि पुढे निघून गेला.

आई बाहेरच्या बाकावर बसली. धापा टाकत होती. बुटांना चिकटलेली पानं तिने एकेक करून काढली. मी शेजारी बसून बोलत राहिले: बाजार सुधारेल, मधलं शेत जाईल, आराखड्यात आता कायमचं आलंय, ते कोणी काढू शकत नाही, होईल, नक्की होईल.

“होईल गं,” ती म्हणाली. “मी कुठे नाही म्हणते? वाचलं मी. वीस वर्षांचा आहे तुमचा आराखडा.” मग पदराने कपाळ पुसून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मी त्र्याहत्तरची आहे. जावयांना सांग, तिकीट बघा म्हणावं माझं.”

मी पाच वर्षं सगळ्यांच्या वतीने बोलत होते. त्या बाकावर मला स्वतःच्या वतीने एवढंच म्हणायचं होतं की तू जाऊ नकोस, आणि ते तोंडातून निघेना. मी रडत राहिले. आई माझ्या पाठीवर हात ठेवून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होती. थोड्या वेळाने ती उठली, मला म्हणाली, “तू बस. मी पुस्तक घेऊन येते,” आणि आत गेली.